इक्विफॅक्स : ४८ तासांचं काम, १४४ दिवसांची दिरंगाई

अमेरिकेत घरासाठी कर्ज मागा, क्रेडिट कार्ड काढा किंवा हप्त्याने गाडी घ्या, बँक आधी तुमची पत तपासते. ही पत सांगणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांपैकी एक म्हणजे अटलांटाची इक्विफॅक्स. २०१७ साली तिच्याकडची कोट्यवधी लोकांची माहिती चोरीला गेली. चोर ज्या फटीतून आत शिरले ती बुजवणारा पॅच मात्र चोरांच्या आधीच आला होता, आणि तोही फुकट.

तास ० : मंगळवार, ७ मार्च २०१७
अपाची स्ट्रट्स ही जावामध्ये वेबसाइट बांधणाऱ्यांसाठीची मोफत चौकट. जगभरच्या बँका आणि सरकारी खाती ती वापरतात. तिच्यातला एक दोष आज जाहीर होतो, सोबत सुधारित आवृत्तीही येते. ब्राउझर सर्व्हरला ‘मी कोणत्या प्रकारचा मजकूर पाठवतोय’ हे एका हेडरमध्ये कळवतो. त्यात वेडंवाकडं काही आलं की स्ट्रट्स चूक झाल्याचा संदेश तयार करायला घेते आणि त्या नादात हेडरमध्ये लपवलेली आज्ञाच चालवून टाकते. लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही. गांभीर्याच्या मापनात या दोषाला १० पैकी १० गुण मिळतात.

तास २४ : ८ मार्च
अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाचा इशारा इक्विफॅक्सला पोहोचतो. प्रत्यक्ष हल्ले सुरू झाल्याचं सिस्कोचा टॅलॉस गट याच दिवशी जाहीर करतो.

तास ४८ : ९ मार्च
कंपनीची सुरक्षा टीम चारशेहून अधिक जणांना ईमेल धाडते : स्ट्रट्स वापरत असाल तर ४८ तासांत पॅच लावा. कंपनीचा नियमच तसा आहे. पण ईमेलची यादी जुनी आहे. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या ‘एसीआयएस’ या पोर्टलमध्ये स्ट्रट्स आहे, हे ज्या डेव्हलपरला ठाऊक आहे त्याचं नाव त्या यादीत नाही. या पोर्टलची मूळ यंत्रणा १९७०च्या दशकातली. कोणत्या सर्व्हरवर कोणतं सॉफ्टवेअर चालतं याची पूर्ण नोंद कंपनीत कुठेही नाही.

तास ७२ : १० मार्च
दोष शोधत फिरणाऱ्या अनोळखी लोकांना एसीआयएस सापडतं. ते एखाददुसरी आज्ञा चालवून पाहतात. सर्व्हर निमूट उत्तर देतो. ते काही न नेता निघून जातात. दार उघडं असल्याची खात्री झालेली आहे.

आठवा दिवस : १५ मार्च
कंपनी आपल्या यंत्रणांचं स्कॅन करते. स्कॅनर मुख्य डिरेक्टरी तपासतो, स्ट्रट्स मात्र आतल्या उपडिरेक्टरीत आहे. निष्कर्ष : दोष आढळला नाही. घरात एकूण दारं किती हेच ठाऊक नसेल, तर सगळ्या कड्या लावल्या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

सदुसष्टावा दिवस : १३ मे
चोरी सुरू होते. हल्लेखोर एसीआयएसवर वेबशेल बसवतात, म्हणजे बाहेरून आज्ञा देता येईल असा चोरदरवाजा. अशी सुमारे ३० वेबशेल नंतर सापडली. आत फिरताना त्यांना युजरनेम आणि पासवर्ड लिहिलेली एक साधी, एन्क्रिप्ट न केलेली फाइल मिळते. नेटवर्कमध्ये मधल्या भिंती नाहीत, त्यामुळे तक्रार पोर्टलशी संबंध नसलेले आणखी ४८ डेटाबेस उघडतात. पुढचे ७६ दिवस ते सुमारे ९,००० वेळा डेटाबेस धुंडाळतात आणि नावं, जन्मतारखा, पत्ते, सोशल सिक्युरिटी क्रमांक थोडेथोडे करून बाहेर नेतात.

ही वाहतूक तपासणारं उपकरण कंपनीकडे होतं. पण त्यावरच्या सर्टिफिकेटची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपलेली होती. त्यामुळे एन्क्रिप्ट केलेला मजकूर न तपासताच पुढे जात होता.

एकशे चव्वेचाळिसावा दिवस : शनिवार, २९ जुलै
कुणीतरी नवं सर्टिफिकेट बसवतं. लगेचच संशयास्पद वाहतूक दिसू लागते. दुसऱ्या दिवशी पोर्टल बंद केलं जातं. ३१ जुलैला मुख्य कार्यकारी अधिकारी रिचर्ड स्मिथ यांच्या कानावर गोष्ट जाते, २ ऑगस्टला एफबीआयच्या.

७ सप्टेंबर
जगाला कळतं. आधी सांगितलेला आकडा १४ कोटी ३० लाख, पुढे तो १४ कोटी ८० लाखांच्या घरात जातो. महिनाअखेरीस स्मिथ पायउतार होतात. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेससमोर ते पॅच लावण्याचा निरोप पुढे न देणाऱ्या एका कर्मचाऱ्याकडे बोट दाखवतात.

त्यानंतर
डिसेंबर २०१८मध्ये काँग्रेसच्या समितीने निकाल दिला : ही चोरी पूर्णपणे टाळता आली असती. २०१९मध्ये कंपनीने किमान ५७.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. २०२०मध्ये चिनी सैन्यातल्या चौघांवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झालं.

एका कर्मचाऱ्याच्या माथी हे खापर फोडणं सोयीचं होतं, खरं नव्हतं. इशारा आला, ईमेल गेला, स्कॅन झालं. प्रत्येक पायरी एकाच ठिकाणी लंगडी पडली : आपण काय वापरतो याची यादी नव्हती. सॉफ्टवेअरमधल्या घटकांची अशी यादी ठेवण्याबाबत आपल्याकडच्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेही ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पुण्यात हिंजवडीला बसा नाहीतर मुंबईत पवईला, तुमच्या प्रॉडक्टमध्ये कोणती लायब्ररी, कितवी आवृत्ती, कोणत्या सर्व्हरवर आणि कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे विचारल्यावर लगेच सांगता येत नसेल, तर नवं फीचर बाजूला ठेवा आणि आधी ती यादी करा.