पाण्याच्या वाटेनं पायी

रविवारी सकाळी मुलांना घेऊन कुठं जायचं, असं आमच्या शहरात कुणाला विचारलं तर तो आधी गाडीची किल्ली शोधतो. वेरूळ, दौलताबाद, फार तर म्हैसमाळ. मी पाहुण्यांना पायी नेतो. भडकल दरवाजापासून पाणचक्की, तिथून महमूद दरवाजातून खाम नदी ओलांडून बेगमपुरा, मग बीबी का मकबरा. पायात बळ उरलंच, तर मागच्या डोंगरातली लेणी. लेणी सोडली तर तीनेक किलोमीटरची वाट. सात-आठ वर्षांचं पोर कुरकुर न करता चालतं, हा माझा अनुभव. मागच्या दिवाळीत लेक तिच्या दोन मुलांना घेऊन आली होती, तेव्हा हीच वाट धरली.

या शहराला चार नावं मिळाली. १६१० साली मलिक अंबरनं खडकी या जुन्या गावाच्या जागी शहर वसवलं. १६२६ साली तो गेला आणि त्याचा मुलगा फतेहखान यानं त्याचं फतेहनगर केलं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना औरंगाबाद झालं, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. माझ्या जन्मदाखल्यावर एक नाव आहे, आधार कार्डाच्या नव्या पत्त्यावर दुसरं. त्यावर भाषणं पुष्कळ झाली आहेत, मी भर घालत नाही. मला मुलांना दाखवायचं होतं ते या चारही नावांच्या खालून वाहिलेलं पाणी.

सुरुवात भडकल दरवाजाला. हा १६१२ सालचा, मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून अंबरनं बांधलेला. शहरातल्या दरवाजांत सगळ्यांत मोठा. शेजारीच डॉ. बाबासाहेबांचा पुतळा आहे. चौदा एप्रिलला इथं मुंगी शिरायला जागा नसते. अंबर मूळचा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेला, अहमदनगरला पोहोचला आणि अखेर निजामशाहीचा वजीर झाला. जहांगीर बादशहा आपल्या रोजनिशीत त्याला शिव्या घालतो, आणि त्या शिव्या वाचताना लक्षात येतं की बादशहाची झोप कुणी उडवली होती. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढले. सारावसुलीची त्याची पद्धत ‘मलिकंबरी’ म्हणून महाराष्ट्राच्या तोंडी राहिली. नऊ वर्षांच्या नातीला यातलं फक्त एक कळलं. ‘नाना, विकला गेलेला माणूस शहर कसं बांधतो?’ मी म्हटलं, आधी पाणी आणतो.

आणि ते खरंच आहे. खडकीची जमीन नावासारखीच, खडकाळ. खाम नदी उन्हाळ्यात कोरडी. अंबरनं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भुयारांतून गोळा केलं आणि उताराउतारानं शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पाणी उघड्यावर नाही, म्हणून उन्हानं उडत नाही, जनावर तोंड घालत नाही, शत्रूच्या नजरेला पडत नाही. वस्तीत शिरताना दगडी नाल्यातून ते चुन्यात बसवलेल्या खापराच्या नळांत जायचं. मध्ये मध्ये उभे पोकळ खांब. पाणी त्यात वर चढतं, कोंडलेली हवा सुटते, दाब बेताचा होतो आणि नळ फुटत नाहीत. पंप नाही, वीज नाही. गंमत म्हणजे याच सुमारास तिकडे बुऱ्हाणपुरात अंबरचा प्रतिस्पर्धी, मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, अशाच भूमिगत पाण्याची व्यवस्था उभी करत होता. दोघं एकमेकांवर फौजा घालत होते आणि दोघांनाही इराणी धाटणीच्या भुयारी पाण्याची कला ठाऊक होती. पुढे मोगल काळात शहरात आणखी नहरी झाल्या.

आमचं घर भडकलच्या आतल्या एका मोहल्ल्यात. जवळच्या मशिदीचा हौद नहरीच्या पाण्यानं भरायचा. गल्लीच्या तोंडाशी एक खांब होता, पुरुषभर उंचीचा, शेवाळलेला. दुपारी तिथं खेळत गोंगाट केला की दादी ओरडायची, ‘चुप बैठ, नहर बोल रई!’ आम्ही कान लावायचो. आत खळखळ ऐकू यायची. कधी मला वाटतं, कवितेचा नाद मला तिथंच लागला. शाळेत मराठी घेतलं तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता, पण ती गोष्ट वेगळी.

आता जे सांगतो ते मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. १९८६ साली अब्बांनी मागच्या अंगणात दोन खोल्या काढायला घेतल्या. पाया खणताना कुदळ खापरावर बसली आणि खड्ड्यात पाणी आलं. स्वच्छ, थंडगार. मजुरांनी ओंजळीनं प्यायलं. दोन दिवस उपसूनही ते थांबेना. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, बुजवून टाकू, नाहीतर भिंत खचेल. अब्बा काही वेळ खड्ड्याकडे बघत उभे राहिले, मग हो म्हणाले. पोत्यानं सिमेंट ओतलं गेलं. पाण्याच्या पाट्या मी स्वतः वाहिल्या, तेव्हा कॉलेजात होतो. दोन-तीन महिन्यांत मशिदीचा हौद आटला. लोक म्हणाले, पाऊस कमी झाला. अब्बा जुम्म्याला त्या कोरड्या हौदाशेजारून जायचे, नव्यानं बसवलेल्या नळावर वजू करायचे आणि काही बोलायचे नाहीत. मीही बोललो नाही. शहरात असे किती पाये खणले गेले असतील, कुणी मोजलं नाही. नहर कुणी फोडली असं विचारलं की सगळे सरकारकडे बोट दाखवतात. माझं बोट तिकडे वळत नाही.

नातीनं विचारलं, ‘मग मशिदीतल्या लोकांना सांगितलं का?’ नाही म्हटलं. ती पुढे चालू लागली.

पाणचक्कीला मुलं खुलतात, कारण इथं पाणी दिसतं. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले सूफी. त्यांच्या तकियाचं हे ठिकाण. इथली नहर अंबरच्या नहरीहून वेगळी, अठराव्या शतकातली. हर्सूलकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून येतं, एका उंच भिंतीत वर चढतं आणि तिथून पडद्यासारखं हौदात कोसळतं. त्याच्या जोरावर जातं फिरायचं. तकियात राहणाऱ्या फकिरांचं, मुसाफिरांचं पीठ त्यावर निघायचं. हौदाच्या खाली मोठं दालन आहे, डोक्यावर पाण्याचं छत, म्हणून आत गारवा. मुलांना तिथं नक्की उतरवा. हौदात मासे आहेत, शेजारी वडाचं प्रचंड झाड. पाणी बघायचं तर पावसाळ्यानंतर जावं. उन्हाळ्यात धार बारीक होते, कधी थांबतेही.

याच शहरात कित्येक वर्षं अनेक वस्त्यांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत आलं आहे. ते पाणी पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून येतं, पन्नासेक किलोमीटरवरून, आणि पंपानं चढवावं लागतं. नहर दुरुस्त केली की टँकर बंद होतील, असा भाबडा दावा मी करणार नाही. तेव्हाची वस्ती किती आणि आजची किती!

महमूद दरवाजाचा पूल अरुंद आहे, वाहनं भरभर जातात. मुलांचा हात धरा. पुढे बेगमपुऱ्यातून मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. लोक ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडतात, मला ते आवडत नाही. प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपत राय अशी दोन कारागिरांची नावं आहेत, ती मुलांना शोधायला लावा. नातवाला खर्चाचा आकडा आवडला. जुन्या तवारीखेत सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा आहे. ‘सात आणे पण लिहिले?’ म्हणाला.

लेण्यांसाठी त्याच दिवशी चढायचं तर रिक्षा करावी, चढ मोठा आहे. ही सहाव्या-सातव्या शतकातली बौद्ध लेणी, वेरूळची गर्दी इथं नसते. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धापुढे पुरुषभर आकाराचे भक्त गुडघे टेकून बसलेत. स्त्रिया, पुरुष, कुणाच्या हातात माळ. धाकटा त्यांच्या रांगेत जाऊन बसला आणि उठेना. बाहेरच्या ओट्यावरून मकबरा दिसतो, विद्यापीठ दिसतं, खामचं पात्र दिसतं. नातीनं विचारलं, आपलं घर कुठं? मी अंदाजानं बोट केलं.

खाली आल्यावर भूक लागते. जुन्या शहरात नान-कलिया मिळतो, न खाणाऱ्यांना इमरती. आम्ही दोन्ही खाल्लं. संध्याकाळी नात मागच्या अंगणात खुर्पी घेऊन बसली होती. लेकीनं विचारलं तर म्हणाली, बघतेय. दोन खोल्यांच्या भिंतीपाशी वीतभर खणून झालं होतं. मी काही बोललो नाही, शेजारी जाऊन बसलो.