कराची ते जुहू, सव्वासात तास

कराची ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत ९०० किलोमीटरच्या आतच भरतं. आजच्या जेटला दीड तास पुरे. पण माझी सारी नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये झाली. दोन शहरांतलं अंतर कुणी विचारलं की मी उलट विचारतो, विमान कुठलं आणि टाकीत इंधन किती?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पुस मॉथ उडवलं. एका इंजिनाचं ते छोटं विमान, आणि आत इम्पीरियल एअरवेजने लंडनहून कराचीपर्यंत आणलेली डाक. ते थेट समुद्रावरून मुंबईला आले नाहीत. वाट अहमदाबादवरून वाकडी केली होती. तिथे बर्मा शेलचं पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीतून आलं होतं. जुहूला चाकं टेकली तेव्हा दुपारचे १ वाजून ५० मिनिटं झाली होती.

या सव्वासात तासांचा हिशेब मी मांडून पाहिलाय. अहमदाबादमार्गे वाट हजार किलोमीटरच्या थोडी वर जाते. पुस मॉथचा वेग ताशी साधारण १६०. वारा सोबतीलाही नाही आणि विरुद्धही नाही असं धरलं, तर हवेतले साडेसहा तास होतात. उरलेल्या पाऊण तासात उतरणं, पेट्रोल भरणं, पुन्हा उडणं! रेडिओ नव्हता. वाटेत कच्छचं रण, खूण धरावी असं तिथे काही नाही. होकायंत्र, नकाशा आणि डोळे यांवर सारी भिस्त. आमच्याकडून मिनिटामिनिटाला वारा विचारणाऱ्या पायलटांशी आयुष्यभर बोललेल्या मला त्या शांततेचा फार आदर वाटतो.

जुहूला टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट दुसरं पुस मॉथ घेऊन वाट पाहत होते. त्यांनी मद्रासची डाक उचलली. रात्री उडणं शक्य नव्हतं, म्हणून मुक्काम बेल्लारीला केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठलं. अंतर फक्त मैलांवर नाही, सूर्य कधी मावळतो यावरही ठरायचं. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जाई, तेव्हा विमानं पुण्याला उतरत. पहिल्या वर्षात टाटांच्या या हवाई डाकसेवेने १,६०,००० मैल कापले आणि डाकेबरोबर १५५ प्रवासीही नेले.

तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. कराचीसह सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. टाटांनी लेपर्ड मॉथ विमान घेऊन हीच वाट पुन्हा एकट्याने उडून दाखवली.

आज या दोन शहरांत थेट प्रवासी विमान नाही. दुबईवरून जावं, तर ३,००० किलोमीटरहून जास्त फेरा पडतो. कराची-दुबई सुमारे दोन तास, दुबई-मुंबई सुमारे तीन, मध्ये पुढच्या विमानाची वाट पाहणं. ते थांबणं थोडंही लांबलं, तर १९३२ चं पुस मॉथ आधी पोचतं.