सुटकेनंतरचा पहिला महिना : दापोलीत स्वस्त जगण्याच्या वाटा

तुरुंगाचे दार उघडले की शिक्षा संपली, असे कायदा मानतो. बाहेर आलेल्या माणसापुढे मात्र त्याच संध्याकाळी अगदी साधे प्रश्न उभे राहतात. जेवण कोठे मिळेल, रात्र कोठे काढायची, चालू असलेले औषध कोठून आणायचे आणि उद्या काम कोण देईल? हा प्रश्न केवळ गुन्हेगार ठरलेल्यांचाही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांवरचा आरोप अद्याप सिद्ध झालेला नव्हता.

दापोली तालुक्यातील कच्चा कैदी सहसा रत्नागिरीच्या विशेष कारागृहात असतो. दीर्घ शिक्षा झालेल्याला कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी पाठवले जाते. सुटका झाल्यावर गावापर्यंतच्या प्रवासखर्चाची तरतूद कारागृहाच्या नियमांत आहे. कोकण रेल्वेने खेड आणि तेथून एस.टी.ने सुमारे ३० किलोमीटरवर दापोली, असा हा परतीचा मार्ग. दापोलीत जगणे मुंबईच्या मानाने स्वस्त आहे आणि सरकारी योजनाही कमी नाहीत. अडते ते कागदापाशी. प्रत्येक सवलतीला ओळखपत्र लागते, ओळखपत्राला पत्ता लागतो आणि पत्त्याला घराचे दार उघडणारा माणूस लागतो. म्हणून कामांचा क्रम योग्य असणे फार महत्त्वाचे ठरते.

पहिला कागद : सुटकेचा दाखला

कारागृहातून मिळणारा सुटकेचा दाखला अनेक जण लाजेखातर फाडून टाकतात. ही चूक महागात पडते. मधली वर्षे माणूस कोठे होता, याचा तो एकमेव सरकारी पुरावा असतो. रेशन कार्डात नाव परत घालताना, बँकेत खाते सुरू करताना किंवा पुनर्वसनासाठी मदत मागताना तोच उपयोगी पडतो. त्याच्या दोन-तीन साक्षांकित प्रती काढून मूळ प्रत घरी ठेवावी. निर्दोष सुटलेल्याने न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रतही घ्यावी. पुढे पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घेण्याची वेळ आली, तर ती प्रत हाताशी असलेली बरी.

दुसरी अडचण मोबाइल क्रमांकाची. नव्वद दिवस न वापरलेला क्रमांक बंद होऊ शकतो आणि कालांतराने दुसऱ्याला दिला जातो. आधारशी जोडलेला क्रमांक असा हातचा गेला, तर परवलीचा आकडा भलत्याच माणसाकडे जातो आणि सगळी ऑनलाइन कामे अडतात. म्हणून नवे सिम घेतल्यावर पहिली फेरी आधार केंद्राकडे मारावी. बोटांच्या ठशांवरून ओळख पटवून तेथे क्रमांक बदलून मिळतो.

बँकेचे खाते दोन वर्षे वापरात नसेल तर ते निष्क्रिय ठरते. पण पैसे बुडत नाहीत. ओळखीचे कागद नव्याने दिल्यावर खाते पुन्हा सुरू होते आणि त्यासाठी बँकेने शुल्क आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खातेच नसेल तर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेखाली किमान शिलकीची अट नसलेले खाते काढता येते. कारागृहातील कामाची मजुरी खर्च होऊन जाण्याआधी ती तेथे ठेवणे शहाणपणाचे.

शिधा आणि जेवण

दीर्घकाळ तुरुंगात असलेल्याचे नाव बऱ्याचदा कुटुंबाच्या रेशन कार्डातून कमी झालेले असते. ते परत घालण्यासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा लागतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये आहे. मात्र तालुक्याचा इष्टांक भरलेला असेल तर पात्र माणसालाही थांबावे लागते. त्यामुळे अर्ज पहिल्या आठवड्यातच द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

घरी चूल नसलेल्यासाठी राज्यात २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात दहा रुपयांत, अशी ती योजना. आपल्या भागातील केंद्र चालू आहे की नाही, हे पुरवठा शाखेतच विचारावे.

कुटुंबाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुटुंबप्रमुख शिक्षा भोगत असताना त्याच्या निराधार पत्नीला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून साहाय्य मिळू शकते. २०२३ पासून ही रक्कम दरमहा दीड हजार रुपये आहे. नवरा घरी परतला की या अनुदानाचा आधारच उरत नाही. ज्या महिन्यात खाणारे एक तोंड वाढते, त्याच सुमारास हाती येणारी रक्कम थांबते. हा खड्डा आधीच हिशेबात धरला नाही, तर घरात पहिली कुरबुर येथूनच सुरू होते.

औषधपाणी आणि प्रवास

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय आणि तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे याच विभागाची. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत असून तेथेही रेशन कार्ड उपयोगी पडते. कोंदट बराकींमध्ये क्षयरोग सहज पसरतो. ज्याचे क्षयाचे उपचार चालू आहेत त्याने कारागृहाच्या डॉक्टरांकडून उपचारपत्र घेतल्याविना बाहेर पडू नये. औषध मध्येच सुटले तर रोग औषधाला दाद देईनासा होतो.

खेड, रत्नागिरी किंवा तारखेसाठी न्यायालयात जाण्याचा खर्च लहान वाटला तरी तो वारंवार होतो. एस.टी.त ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मिळू लागला. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले.

निवारा : सर्वांत अवघड गाठ

शहरी बेघरांसाठीच्या रात्रनिवाऱ्यांचा निकष लाखभर लोकसंख्येमागे एक असा राहिला आहे. दापोलीसारख्या नगरपंचायतीच्या गावी त्या संख्येच्या जवळपासही वस्ती नाही. म्हणून येथे घर म्हणजे भाऊबंदांचे घर, नाहीतर बागेतली खोपी. अनेक जण याच कारणाने मुंबई गाठतात. तेथे कोणी ओळखत नाही, हा दिलासा असतो. पण खोलीचे भाडे आणि अनामत रक्कम त्याच्या आवाक्याबाहेरची असते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून बंदी आणि सुटलेले बंदी यांच्यासाठी काम करीत आला आहे. शहरात जाणाऱ्याने असा आधार आधी शोधावा. कुटुंबाने नाकारलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या ‘शक्ती सदन’ योजनेखालील निवारे आहेत. १८१ या महिला हेल्पलाइनवर त्यांची माहिती मिळू शकते.

गावच्या घरजमिनीबाबत एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. तुरुंगात गेल्याने वडिलोपार्जित हिस्सा जात नाही. अपवाद एकच महत्त्वाचा: ज्याचा खून केला त्याची मालमत्ता खुन्याला वारसाने मिळत नाही, असे हिंदू वारसा कायद्याचे कलम २५ सांगते. तलाठी कार्यालयातून सातबाराचा उतारा काढून आपले नाव तपासणे, हे भांडण करण्यापेक्षा स्वस्त पडते.

काम आणि मदतीची दारे

दापोलीत कागद न विचारता मिळणारे काम हंगामी असते. मार्च ते मे आंबा-काजूच्या बागा, पावसाच्या तोंडावर भाताची लावणी, हर्णै बंदरावर मासळीची चढउतार, चिरेखाणी आणि पर्यटकांची हॉटेले. जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा बंदरावरची मजुरी मंदावते. सुटकेचा महिना कोणता, यावर म्हणूनच बरेच अवलंबून असते. कारागृहात सुतारकाम, शिवण किंवा बेकरीचे शिक्षण घेतले असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनासाठी महिला व बालविकास विभागाच्या योजना असून त्यासाठी रत्नागिरीच्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे जावे लागते.

१९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्याखाली तुरुंगात न पाठवता सोडलेल्यांना आणखी एक संरक्षण आहे. कलम १२ नुसार त्या दोषसिद्धीमुळे एरवी लागू होणारी अपात्रता त्यांना लागत नाही. मोफत कायदेशीर मदतीत मात्र एक खाच आहे. कोठडीत असलेल्याला उत्पन्न न पाहता वकील मिळतो. सुटल्यावर तो आधार संपतो आणि महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा लागू होते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना ही मर्यादा नाही. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. मतदानाचा हक्कही सुटकेबरोबर परत मिळतो. यादीतील नाव तेवढे तपासावे.

बाहेरच्या माणसांवर विश्वास टाकण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत उभी राहिली. तेथे बंदी आपल्या कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती याच प्रयोगातून. घर, काम आणि ओळख या तीन गोष्टी माणसाला एकाच ठिकाणी मिळाल्या, हे त्या प्रयोगाचे मर्म होते.

आज या तिन्ही गोष्टी तहसील, बँक, रुग्णालय आणि न्यायालय अशा चार दारांत विखुरल्या आहेत. मुंबईत या दारांत कोणी ओळखत नाही, दापोलीत सारेच ओळखतात. ती ओळख ओझे ठरू शकते. पण पहिल्या फेरीला बरोबर येणारा एखादा नातेवाईक, शिक्षक किंवा सरपंच मिळाला, तर हीच ओळख कोणत्याही योजनेपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आधार ठरते.