चाळीस हजार गावं आणि एक ड्रॉपडाउन

आजचा भाग छोटा, आणि सुरुवात माझ्याच फजितीने.

पहिल्या नोकरीत मी एका जुन्या जावा सॉफ्टवेअरच्या ड्रॉपडाउनमध्ये महाराष्ट्रातली गावं भरली. चाळीस हजारांवर नावं! फॉर्म उघडला की स्क्रीन गोठायची. काउंटरवरच्या ताई रांगेतल्या माणसाला सांगायच्या, "थांबा जरा, मशीन स्लो आहे." मी खापर डेटाबेसवर फोडलं. पण क्वेरी तर झटक्यात येत होती.

मग वेळ जात कुठे होता? त्यासाठी थोडं मागे जाऊ. 1996 च्या जावा 1.0 मध्ये ड्रॉपडाउनचं नाव होतं 'चॉइस'. तो खरं तर ऑपरेटिंग सिस्टिमचाच ड्रॉपडाउन, जावा त्याला फक्त एकेक स्ट्रिंग देणार. डिसेंबर 1998 मध्ये जावा 1.2 सोबत स्विंग आलं, आणि त्यात 'जेकॉम्बोबॉक्स'. इथे यादी एकीकडे, तिचं दिसणं दुसरीकडे. ही विभागणी ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी 1979 मध्येच झेरॉक्स पार्कमध्ये मांडली होती. स्विंगमध्ये प्रत्येक ओळीसाठी नवा घटक बनत नाही. एकच रेंडरर रबरी शिक्क्यासारखा ओळीओळीवर उमटतो. मला तर ही कल्पना आजही भारी वाटते.

पण मेख अशी, की ड्रॉपडाउन किती रुंद हवा हे ठरवायला स्विंग यादीतलं प्रत्येक नाव त्या शिक्क्याने मोजतं. दिसणार आठ ओळी, मोजणार चाळीस हजार! वर मी लूपमध्ये 'अ‍ॅडआयटम' करत होतो, म्हणजे दर नावाला 'यादी बदलली' अशी एक हाक.

यावरचा उपाय 2002 च्या जावा 1.4 मध्येच आला होता: 'सेटप्रोटोटाइपडिस्प्लेव्हॅल्यू'. एक नमुना नाव द्या, रुंदी त्यावरूनच ठरेल. मी यादीतलं सगळ्यात लांब नाव दिलं आणि अख्खं मॉडेल आधी बाजूला भरून एकदाच जोडलं. (मॉडेलमध्ये एकदम सगळं टाकणारं 'अ‍ॅडऑल' यायला 2018 चं जावा 11 उजाडलं. वीस वर्षं!)

फॉर्म पटकन उघडायला लागला. ताई मात्र अजून वैतागलेल्याच. कीबोर्डवरून शोधताना त्या जुन्या जावातला जेकॉम्बोबॉक्स फक्त पहिलं अक्षर बघायचा. 'प' दाबत दाबत पिंपळगाव कधी यायचं, आणि त्यातलं आपलं कुठलं?

शेवटी आधी तालुका, मग त्यातलीच गावं, असे दोन ड्रॉपडाउन केले. ताई म्हणाल्या, "अहो, कागदी फॉर्मवर असंच तर होतं की!"