मर्टल बीच : एका वसंत हंगामाची जडणघडण

समुद्रकिनाऱ्यावर पाहुण्यांच्या आधारे जगणाऱ्या गावाला वादळाइतकेच भय रिकाम्या महिन्यांचे असते. वादळ क्वचित येते. रिकामे महिने मात्र दरवर्षी न चुकता येतात आणि घरे जागच्या जागी ठेवून माणसांचा रोजगार तेवढा हिरावून नेतात. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ज्यांची हॉटेले ओस पडतात, त्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मर्टल बीच या गावाने हा प्रश्न गोल्फच्या खेळाने सोडविला. तो कसा सोडविला आणि त्याचे मोल कोणी दिले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

दक्षिण कॅरोलिना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील ओरी परगणा नद्या व दलदली यांमुळे दीर्घकाळ एकाकी राहिला. तेथील लोक त्याला अभिमानाने ‘स्वतंत्र प्रजासत्ताक’ म्हणत. पाइनच्या जंगलांतून राळ, टर्पेंटाइन व लाकूड काढणे हा तेथील मुख्य व्यवसाय होता. किनाऱ्यावरची वाळूची जमीन नापीक म्हणून कवडीमोल समजली जाई. कॉनवे येथील बरोज अँड कॉलिन्स या कंपनीने १९०० मध्ये आगगाडीचा रस्ता समुद्रापर्यंत नेला. तेथे विपुल उगवणाऱ्या मर्टल नावाच्या सदाहरित झुडुपावरून, फ्रँकलिन बरोज यांच्या विधवा पत्नी ॲडेलीन यांनी सुचविलेले नाव या वस्तीला देण्यात आले. १९०१ मध्ये पहिले हॉटेल उघडले. त्या काळी २५ डॉलरांस एक भूखंड मिळे. आणि जो ५०० डॉलरांचे घर बांधील त्याला दुसरा भूखंड फुकट!

पुढे १९२६ मध्ये ग्रीनव्हिल येथील कापड गिरण्यांचे मालक जॉन वुडसाइड यांनी साठ हजारांहून अधिक एकर जमीन खरेदी केली आणि श्रीमंतांसाठी विलासनगरी वसविण्याचा बेत आखला. १९२७ मध्ये गावातील पहिले गोल्फचे मैदान सुरू झाले. त्याची आखणी करणारे रॉबर्ट व्हाइट हे मूळचे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे. या खेळाचे माहेरघर असलेल्या त्या गावी समुद्र व शेते यांच्यामधील वालुकामय कुरणावरच हा खेळ वाढला होता. वाळूत पाणी साचत नाही आणि खेळाडूच्या पायांखालची भूमी कोरडी राहते. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो दोष, तोच येथे गुण ठरला. परंतु १९२९ च्या आर्थिक कोसळीत वुडसाइड बुडाले. १९३० मध्ये उघडलेले त्यांचे दहा मजली हॉटेल मात्र १९७४ मध्ये पाडले जाईपर्यंत त्या स्वप्नाची साक्ष देत उभे होते.

१५ ऑक्टोबर १९५४ रोजी हेझल नावाच्या चक्रीवादळाने किनाऱ्यावरील घरांची धूळधाण केली. मोकळ्या झालेल्या जागांवर मोटेले उभी राहिली. उन्हाळ्यात ती भरत. एरवी मात्र रिकामीच. इकडे मार्च महिन्यात उत्तरेकडील राज्ये व कॅनडा बर्फाखाली असताना येथील दिवस सौम्य उबदार असत. बर्म्युडा जातीचे गवत थंडीत पिवळे पडते. म्हणून शरद ऋतूत त्यावर राय गवताचे बी पेरून वसंतारंभी मैदाने हिरवी राखण्याची युक्ती उपयोगी पडली. १९६७ मध्ये हॉटेलचालक व मैदानचालक यांनी एकत्र येऊन संयुक्त जाहिरातीची व्यवस्था केली. खोलीचे भाडे व खेळाचे शुल्क एकाच रकमेत बसविण्याची पद्धत रूढ झाली. चार मित्रांनी मोटारीत सामान टाकून दक्षिणेची वाट धरावी, हा मध्यमवर्गीयांचा वार्षिक प्रघात झाला आणि मार्चमधील रिकाम्या खोल्या भरू लागल्या.

या भरभराटीच्या पायाशी एक कटू सत्य आहे. ज्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांच्या श्रमांवर ही हॉटेले चालत, त्यांना वर्णभेदाच्या काळात त्याच किनाऱ्यावर समुद्रस्नानाची मुभा नव्हती. २६ ऑगस्ट १९५० रोजी कू क्लक्स क्लॅनच्या टोळीने कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील चार्ली फिट्झजेराल्ड यांच्या नृत्यगृहावर गोळीबार केला आणि त्यांना पळवून नेऊन अमानुष मारहाण केली. त्या रात्री मेलेल्या एका हल्लेखोराच्या अंगावरील झग्याखाली पोलिसाचा गणवेश आढळला! अपमान टाळून समुद्राचा आनंद घेता यावा म्हणून कृष्णवर्णीयांनी १९३० नंतरच्या दशकात जवळच अटलांटिक बीच ही स्वतःची वस्ती वसविली होती. सार्वजनिक स्थळांतील भेदभाव कायद्याने निषिद्ध झाला तो १९६४ साली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या साठ मैलांच्या किनारपट्टीवर शंभराहून अधिक मैदाने होती. त्यानंतर जमिनीचे भाव इतके चढले की त्यांतील कित्येक मैदाने मोडून तेथे घरे बांधली गेली. २५ डॉलरांस मिळणारी वाळू गोल्फने मौल्यवान केली आणि त्या मौल्यवानपणानेच गोल्फला तेथून उठविले. पाहुण्यांवर जगणाऱ्या प्रत्येक किनाऱ्याने यातून एवढे ध्यानी घ्यावे की, रिकाम्या खोल्या भरण्याचा उपाय कल्पकतेने सापडतो. परंतु भरलेल्या खोल्यांचा लाभ त्या झाडणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहण्यास कल्पकता पुरत नाही. तेथे न्यायबुद्धीच लागते.