मुंग्या, चक्र आणि धूसर चेहरे

चित्र चांगलं की वाईट, हे आपण कशावरून ठरवतो? माझं मत विचाराल तर क्षणभरापूर्वी दिसलेल्या चित्रावरून, आणि लागलेल्या सवयीवरून.

दूरदर्शनवर १९८७-८८ मध्ये 'रामायण' पाहिलेल्यांना मुंग्या आठवत असतील. कुणीतरी गच्चीवर अँटेना फिरवतोय, खालून "आलं, आलं... गेलं!" चाललंय. पण चित्र खराब म्हणून कुणी उठून गेल्याचं मला आठवत नाही.

मग इंटरनेट आलं. यूट्यूबवरची पहिली चित्रफीत एप्रिल २००५ ची, १९ सेकंदांची. नेट हळू असलं की चित्र थांबायचं आणि आपण गोल फिरणारं चक्र बघत बसायचो. यावर तोडगा निघाला तो मोठा गमतीचा. एकाच चित्रफितीच्या कमी-जास्त दर्जाच्या प्रती करायच्या, त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि नेटचा वेग बघून प्लेअरने पुढचा तुकडा निवडायचा. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये आणि अ‍ॅपलने २००९ मध्ये आपापली अशी पद्धत आणली. २०१२ मध्ये 'डॅश' हे आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झालं. थोडक्यात काय, तर चित्र थांबण्यापेक्षा धूसर झालेलं परवडलं! अर्थात दर्जा वाढला तर आपल्या फारसं लक्षात येत नाही, घसरला की मात्र लगेच डोळ्यांत खुपतं.

२०१२ मध्येच कृष्णन आणि सीतारामन या संशोधकांनी अकामाई कंपनीच्या जाळ्यावरच्या सुमारे २ कोटी ३० लाख वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रफितींच्या नोंदी तपासल्या. सुरू व्हायला २ सेकंदांहून जास्त वेळ लागला की लोक सोडून जाऊ लागतात, आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला गळती ५.८ टक्क्यांनी वाढते. मला मात्र त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं : ज्यांचं नेट वेगवान, त्यांचा धीर लवकर सुटतो. मोबाइलवरचे लोक जास्त थांबतात.

मार्च २०२० मध्ये भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर दर्जा ४८० पर्यंत खाली आणायचं ठरवलं. ज्यांना एचडीची सवय होती त्यांना ते जाणवलं. पण ज्यांच्या फोनवर एरवीही तेवढंच दिसायचं, त्यांचं काय? ते आधीही गप्प होते, नंतरही गप्पच राहिले असणार.

सोडून जाणाऱ्यांची मोजदाद होते, सोसणाऱ्यांची समाधानी म्हणून नोंद होते. चित्रापुरतंच हे खरं असतं तर बरं झालं असतं. असो.