चिंधी धुतली कोणी?

आमच्या घरात माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. आईची. ती गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. दोन वर्षांपूर्वी नात झाली, आणि दीड महिन्यानं सूनबाईनं मला विचारलं, "नाना, आजींचं एखादं जुनं लुगडं मिळेल का? बाळाला पुसायला फडकी करायचीत."

मी म्हटलं, "अगं, ते पाकिटातले ओले रुमाल आहेत ना? वाइप्स का काय म्हणता ते."

"तेच वापरत होतो. मांड्या बघा कशा लाल झाल्यात. डॉक्टर म्हणाले, साधं पाणी आणि सुती कापड वापरा."

पेटी खाली काढली. डांबरगोळ्यांचा वास आला. वर एक मालेगावचं लुगडं होतं, हिरव्या रंगाचं, धुऊन धुऊन पोपटी झालेलं. हातात घेतलं तर मलमलीसारखं लागलं. ते फाडायचं माझ्या जिवावर आलं, पण आमची मंडळी म्हणाली, "आई असत्या तर त्यांनीच आधी कात्री लावली असती." ते खरं होतं.

आपण 'चिंध्या' हा शब्द टाकाऊ म्हणून वापरतो. पण पंचवटीच्या माणसानं तरी तसं म्हणू नये. गोदाकाठी गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, तिथल्या पुलालाही त्यांचंच नाव आहे. बाबा जातीनं परीट, अंगात चिंध्यांचं कापड, हातात खराटा. गावाची घाण आपल्या हातानं काढायची आणि मग कीर्तन करायचं, हा त्यांचा रिवाज. चिंधी आणि घाण काढणारा हात यांचं नातं त्यांच्याइतकं कोणी दाखवलं नाही. मला हे पुष्कळ उशिरा उमगलं. कसं, ते सांगतो.

आमच्याकडं लुगड्याला तीन जन्म असायचे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. पहिला जन्म अंगावरचा. मधे विरलं की फाटका भाग कापून दोन्ही धड तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणत. तो दुसरा जन्म. तिसरा जन्म गोधडीत, नाहीतर बाळंतिणीच्या खोलीत. काठ-पदर काढून मोठ्या तुकड्यांची दुपटी होत, मधल्यांचे लंगोट, आणि वीत-वीतभर उरलेल्या तुकड्यांची पुसायची फडकी. काठाचे बंद कुंचीला लागत. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, अशी रीत होती. लोक तिला शकुन-अपशकुनाचं कारण देत. पण खरं कारण हाताला कळतं. नव्या कापडाला खळ असते. ते टोचतं आणि पाणीही पीत नाही. शंभरदा धुतलेलं सूत मऊ पडतं आणि ओल पटकन ओढून घेतं.

१९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. लढाईचे दिवस. आजी त्याला 'कंट्रोलचा काळ' म्हणायची. आमची धाकटी आत्या त्या सुमाराची. नवं लुगडं मिळेना म्हणून अंगावरचं जुनं काही सुटेना, आणि जुनं सुटेना म्हणून बाळाला फडकी मिळेनात. आजोबांच्या धोतराचा सोगा कापून आजीनं आत्याची फडकी केली. आत्या मोठी झाल्यावर तिला आम्ही 'सोग्याची पोर' म्हणून चिडवायचो.

पण आजीची खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे, आमच्या वडिलांच्या जन्माची. दादा १९३२ सालचे. तेव्हा पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांनी इथं राहून तो पुढं चालवला. पाच वर्षं माणसं देवळाच्या दारात उभी राहिली. दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ती आमची सुईण.

ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. दादांची नाळ तिनं कापली. जन्मल्याबरोबर त्यांना पहिल्यांदा पुसलं ते फडकं तिच्या हातातलं. बाळंतिणीची धुणी, बाळाची घाण झालेली फडकी, सगळं तीच बाहेर नेऊन धुवायची. बदल्यात बाजरी, खण-नारळ आणि एखादं जुनं लुगडं. दहा दिवसांनी घरच्यांचं सोयर फिटलं. सगळे आंघोळी करून शुद्ध झाले. सव्वा महिन्यानं आजी दादांना घेऊन काळारामाच्या पायावर घालायला गेली. त्या वेळी सुईण वाटेत भेटली. बाळाच्या तोंडावरून लांबूनच हात ओवाळून म्हणाली, "माझा पण नमस्कार सांगा."

आजी हे सांगताना दर वेळी इथं थांबायची. मग म्हणायची, "माझं पोर देवळात न्यायजोगं केलं तिनं, आणि दारात उभी राहिली तीच. मला तेव्हा काही वाटलं नाही रे. वाटायला लागलं तोवर ती राहिली नव्हती."

घरच्यांचा विटाळ दहा दिवसांत फिटायचा. धुणारणीचा मात्र जन्मात फिटत नव्हता. फडकं धुऊन स्वच्छ होतं आणि धुणारा हात अस्वच्छ ठरतो, हे गणित आपण कितीतरी पिढ्या बिनतक्रार मांडत आलो.

पुढं बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. सुईण गेली, पण फडकी राहिली. ती आईच्या वाट्याला आली. १९६९ साली गोदावरीला मोठा पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्यात गेला, तेव्हा माझी धाकटी बहीण तान्ही होती. आठवडाभर ऊन नाही. आईनं शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर दुपटी वाळवली. फडकी पिळून स्वतःच्या कमरेला, पोटाशी खोचली. अंगाच्या उबेनं ती वाळायची. आईला त्या पावसाळ्यात खोकला लागला तो दिवाळीपर्यंत टिकला. आम्ही पोरं पुराच्या गप्पा अजून मारतो. आईच्या कमरेच्या फडक्यांची गप्पा कोणी मारत नाही.

आईचे धुण्याचे नियम पक्के होते. शी आधी खरवडून खड्ड्यात, वर माती. पहिलं पाणी बादलीत, ते केळीच्या आळ्यात. मग सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून, पाचशेएक बार लावून धोंड्यावर. शेवटचं खळबळणं तेवढं पाटाच्या पाण्यात. "वाहत्या पाण्यात घाण सोडली तर खालच्या गावानं काय प्यायचं?" असं ती म्हणायची. सगळेच असं पाळत होते, असं मी म्हणणार नाही. पाटाच्या कडेनं मी काय काय पाहिलंय ते मला ठाऊक आहे. पावसाळ्यात हगवणीची साथ उगीच येत नव्हती. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं सांगायला मी बसलो नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगायची नव्हती, पण त्याशिवाय हा लेख खोटा होईल.

१९८८ साली आमचा थोरला झाला. हिला माहेराहून आणून आठ दिवस झाले आणि हिवताप भरला. आई तेव्हा हात मोडून बसलेली. फडक्या-लंगोटांची बादली दोन दिवस न्हाणीत तशीच. वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मी बादली उचलली आणि पाटावर निघालो. दिवसा न्यायची लाज वाटली. मी दहावी शिकलेला, गावातल्या सोसायटीचा सभासद, तालमीत खेळलेला गडी. पाटावर पोचलो तर समोरून दोघं ओळखीचे बॅटरी घेऊन येताना दिसले. "काय रे, एवढ्या रातीचं?" मी बादली मागं सारली आणि म्हटलं, "मोटार बघायला आलोय."

ते गेले. मी बादली उचलली आणि तशीच परत आणून न्हाणीत ठेवली. पहाटे जाग आली ती धोंड्यावरच्या आवाजानं. अंगात ताप घेऊन, डोक्याला फडकं बांधून ही धूत बसली होती. मी अंथरुणात कूस बदलली. तिनं त्या दिवशी मला काही म्हटलं नाही. त्यानंतरही कधी नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

सुईणीला जे आजीनं लावलं, तेच मी माझ्या बायकोला लावलं. जात आडवी नव्हती एवढाच फरक.

मग लंगोट फेकायचे दिवस आले. अमेरिकेत १९६१ साली पॅम्पर्स नावानं कंपनीचे तयार लंगोट बाजारात आले. आमच्याकडं ते पोचायला पुढची शतकाची कड उलटावी लागली. आता पंचवटीत किराणा दुकानातसुद्धा त्यांचं पाकीट टांगलेलं असतं. त्याच्या मागून ओले रुमाल आले. मला वाटलं, बरं झालं, बायांची सुटका झाली. झालीही. नोकरीवरून दमून आलेल्या सुनेला धोंड्यावर बसवा, असं मी सांगणार नाही.

पण घाण कुठं गेली? माझ्या वावराच्या कडेच्या चारीत फुगलेले लंगोट अडकतात, ते मीच फावड्यानं काढतो. त्यातला गर पाणी पिऊन जेलीसारखा होतो, मातीत कुजत नाही. ओले रुमाल दिसायला कागदासारखे, पण बहुतेकांत प्लॅस्टिकचा धागा असतो. ते विरघळत नाहीत. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारीत चरबी आणि असल्या रुमालांचा गोळा सापडला. लांबी अडीचशे मीटर, वजन एकशेतीस टन. तो फोडायला माणसंच आत उतरली. २०१६ च्या घनकचरा नियमांत आपल्याकडंही लिहिलं होतं की लंगोट नीट गुंडाळून वेगळे द्यावेत. किती घरं देतात? घंटागाडीवरचा पोरगा हातानं वेगळं करतो. गाडी पाथर्डीच्या खतप्रकल्पाकडं जाते, आणि आपण आंघोळ करून शुद्ध होतो. म्हणजे सुईण गेली नाही. आपण फक्त तिला नजरेआड केली.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं असं नाही. ते सूनबाईनं घातलं. लुगडं फाडून आमच्या मंडळीनं चोवीस फडकी केली, कडा मशिनीवर मारल्या. सगळे कौतुक करत होते. सूनबाई म्हणाली, "फडकी छान झालीत. पण धुवायची कोणी, ते आधी ठरवू. नाहीतर मी आपली पाकीट आणते."

घरात शांतता झाली. मुलगा अंबडला कंपनीत, पाळीची नोकरी. हिचे गुडघे गेलेले. मी म्हटलं, "सकाळची मी धुईन." मुलानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मग रात्रीची माझी."

रीत आईचीच ठेवली. एका डब्यात स्वच्छ पाणी आणि धुतलेली फडकी. वापरलेलं फडकं झाकणाच्या बादलीत. शी संडासात, फडकं आधी गार पाण्यात, मग गरम पाण्यात साबण लावून. कपडे मऊ करायचं औषध घालायचं नाही, त्यानं कापड पाणी पीत नाही. शेवटी कडक ऊन. बाहेरगावी जाताना पाकीट वापरतो, त्यात लाज नाही. ते नालीत टाकत नाही, एवढंच. बाळाच्या मांड्या आठ-दहा दिवसांत निवळल्या.

पहिल्या दिवशी दूध काढून झाल्यावर मी बादली घेऊन अंगणातल्या धोंड्यावर बसलो. दिवस चांगला वर आला होता. रस्त्यानं जाणारा एक जण थांबला. तो त्या रात्रीच्या दोघांपैकीच एक, आता माझ्यासारखाच पिकलेला. म्हणाला, "काय नाना, काय चाललंय?"

मी म्हटलं, "नातीची फडकी धुतोय."

तो हसला आणि गेला. मी फडकी पिळून दोरीवर घालायला लागलो. ओट्यावर बसून ही बघत होती. म्हणाली, "अजून एकदा पिळा. पाणी गळतंय."

मी सगळी काढून पुन्हा पिळली.